गवती चहाचा चौथा तुकडा

“मांडीवर काच घेऊन तीन-चार तास बसता येईल का तुम्हाला?” सरांनी एवढंच विचारलं आणि मी हो म्हणून बसले. झालं, माझा पहिला कामाचा दौरा ठरला. माझ्या आधी दोघांना विचारलं होतं. एकाची पाठ दुखत होती आणि दुसऱ्याच्या मामेबहिणीचं लग्न होतं, हे मला पुणे स्टेशनवर गाडीत चढल्यावर कळलं.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन पुण्याच्या एका संशोधन केंद्रात सहायक म्हणून चिकटले होते. औषधी आणि सुगंधी वनस्पती शेतात कशा लावाव्यात, त्यांचा अर्क कसा काढावा, यावर तिथे काम चाले. काम मोठं, पण माझ्या वाट्याला बाटल्या धुणं आणि गवताचे फुटवे मोजणं. आमचे पेंडसे सर तिथले मुख्य. उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. खिशात कायम एक नाडीने बांधलेली वही. त्या वहीला आम्ही मागे ‘सासूबाई’ म्हणायचो, कारण तिच्यातून काही सुटत नसे.

तर ती काच. पाल्यातून तेल किती निघतं हे मोजायचं ते उपकरण: खाली गोल पोटाचा चंबू, वर नळ्या, मध्ये एक बारीक आकडे कोरलेली नळी. पाला आणि पाणी चंबूत उकळायचं, वाफ वर जाऊन गार होते, आणि त्या बारीक नळीत पाण्यावर तेल तरंगतं. असे दोन नग मी जुन्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतले होते. समोरच्या बाकावरच्या आजी कर्जतपर्यंत माझ्याकडे कळवळून बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, “पहिलंच का गं?” मी गोधडी उघडून दाखवली तेव्हा त्या बिचाऱ्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

कर्जतला गाडी बदलून दुपारी अंबरनाथला उतरलो. सर म्हणाले, आधी भट्टी बघू. कारण या सगळ्या दौऱ्याचं कारण तीच होती. बदलापूरजवळ कुळगावच्या पलीकडे टेकडीच्या उतारावर एका शेतकरीण बाईंच्या जमिनीत आमच्या केंद्राने गवती चहा लावला होता. तसाच दुसरा प्रयोग मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याकडे होता. केंद्राकडे तेल काढायची एकच भट्टी होती. ज्याचा प्रयोग नियमाप्रमाणे पूर्ण होईल आणि तेलाचा उतारा चांगला येईल त्याच्या शेतावर ती बसवायची, असं ठरलेलं. मुरबाडचं पीक कापून झालं होतं, बरं होतं. आता बदलापूरचं कापायचं आणि ठरवायचं.

स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटांवर औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये भट्टी उभी होती. पुरुषभर उंचीची स्टीलची टाकी, वर घट्ट बसणारं झाकण, झाकणातून निघून थंड पाण्याच्या हौदात शिरणारी वेटोळ्यांची नळी. बनवणारे मिस्त्री केमिकल कंपन्यांच्या टाक्या वेल्ड करण्यात हयात घालवलेले. ते टाकीवरून असा हात फिरवत होते, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात.

“साहेब, इथं लोक जुने ड्रम कापून देतात. मी नाय दिला,” मिस्त्री म्हणाले. “एकदा ज्या ड्रममदी केमिकल बसलं ना, त्याचा वास सात पाण्यांनी जात नाय. तुमचं तेल नाजूक चीज. हा नवा पत्रा आहे, वाटल्यास आत डोकं घालून वास घ्या.”

सरांनी खरंच आत डोकं घातलं. मग मला घालायला लावलं. स्टीलच्या टाकीत डोकं घालून नाकाने श्वास घेणारी मी त्या वसाहतीतली पहिली मुलगी असणार. पण वास खरंच नव्हता, आणि मिस्त्रींच्या कामाची सफाई बघून मी गार झाले. जोडाची एक रेषा हाताला लागत नव्हती.

मुक्काम अंबरनाथ पश्चिमेला माझ्या आत्याकडे. सर जवळच्या एका लॉजवर उतरले. आत्याच्या दारातच “जय भीम” झाला आणि पाठोपाठ जेवायचं ताट आलं. सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, वर कच्चा कांदा. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, रंगाच्या कंपनीत होते. माझं काम ऐकून हसत सुटले. “आमच्या कंपनीत वास घालवायला माणसं ठेवलीत, आणि तुमच्याकडं वास काढायला. देश कसा चालायचा?” आत्या म्हणाली, “चालतोय तो हिच्यासारख्यांवर. तुम्ही जेवा.” हिच्या बापाने गिरणीत साहेबांच्या खुर्च्या पुसल्या आणि ही साहेबांबरोबर दौऱ्यावर आली, असं तिने शेजारी दोन घरांत सांगून ठेवलं होतं. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बदलापूर. तुम्ही आज गेलात तर स्टेशनबाहेर पडल्यावर इमारतींशिवाय काही दिसणार नाही. तेव्हा स्टेशनची गजबज संपली की भातखाचरं लागायची. नुकती कापणी झालेली, खाचरात भाताचे बुडखे आणि त्यांवर बगळे. रिक्षावाल्याने गावाच्या टोकाला सोडलं आणि “पुढं गाडी नाय जाणार” म्हणून मोकळा झाला. पुढचा अर्धा तास चाल होती, मांडीवरची काच आता काखेत. नोव्हेंबर होता म्हणून निभावलं. मेमध्ये जायचा विचार असेल तर पाणी आणि टोपी घेऊन जा.

सुलोचनाबाई वाटेवरच उभ्या होत्या. चाळिशीच्या असतील. नऊवारीचा काष्टा घट्ट, कमरेला कोयता, बोलताना नजर थेट डोळ्यांत. मला बघून म्हणाल्या, “ही एवढीशी पोर ती काचची भांडी वागवते व्हय? दे इकडं.” आणि दोन्ही नग डोक्यावर घेऊन, एक हातही न लावता, त्या चढ चढून गेल्या. सर खाली उभे राहून अर्धे डोळे मिटून बघत होते.

त्यांची ती जमीन वरकस. वरकस म्हणजे उताराची, मुरमाड, भाताला नालायक. नाचणी-वरी निघाली तर निघाली. त्यावर आमचे गवती चहाचे चार तुकडे होते. पहिल्याला काही खत नाही, दुसऱ्याला शेणखत, तिसऱ्याला युरियाची अर्धी मात्रा, चौथ्याला पूर्ण. प्रत्येकाच्या कोपऱ्याला नंबर रंगवलेला खुंट. बाईंनी ते असे राखले होते की आमच्या केंद्राच्या आवारातसुद्धा तण जास्त असेल. मी तसं सरांना म्हटलं, तर म्हणाले, “कारण तिथे आपण आहोत.”

चहा घेताना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, आडपडदा काही नव्हता. नवरा अंबरनाथच्या एका कंपनीत कामाला. गावाच्या कडेने प्लॉट पडायला लागले होते आणि वरकस जमीन घ्यायला एक माणूस दोनदा येऊन गेला होता. नवऱ्याचं म्हणणं, मुरमाची जमीन पोसून काय करायचंय, विकून टाकू. “मी म्हनलं, भट्टी आली तर नाय विकायची. ते म्हनले, आली तर नाय विकत. आता तुमच्या हाती हाय,” त्या म्हणाल्या. शेजारच्या चार-पाच बाया थांबून होत्या, भट्टी आली तर त्याही आपल्या वरकसावर हेच गवत लावणार होत्या. गवत ताजं असतानाच भट्टीत जावं लागतं, लांब नेलं की पैसा भाड्यात जातो आणि वास वाऱ्यावर. त्यामुळे भट्टी जिच्या शेतात, तिचंच गवत पीक म्हणायचं.

दव सुकल्यावर कापणी सुरू झाली. बाई, त्यांच्या दोन शेजारणी आणि मी. गवती चहाचं पान दिसतं साधं, पण कडेला करवत असते. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या बोटांच्या चिंध्या झाल्या. बाईंनी हसून माझ्या हाताला आपल्या पदराची चिंधी बांधली आणि कोयता कसा वळवायचा ते दाखवलं, जमिनीपासून वीतभर वर, मुठीत धरून, आपल्याकडे ओढत. आणि वास! लिंबाची अख्खी बाग कुणीतरी खलात कुटावी तसा तो टेकडीभर पसरला. हा वास ज्याचा असतो त्या सिट्रालपासून अ जीवनसत्त्व बनवतात, हे मी पुस्तकात दहादा वाचलं होतं. त्या दिवशी ते डोळ्यांत, केसांत, भाकरीतसुद्धा शिरलं.

सरांनी तीन बांबूंची तिकाटी उभारून काटा टांगला. एकेका तुकड्याचे भारे वजनाला चढले. पहिला बेताचा, दुसरा थोडा बरा, तिसरा त्याच्या वर. चौथा लागला तेव्हा भारे संपेनात. सरांनी काटा दोनदा तपासला, मग भारे उलटसुलट करून पुन्हा तोलले. “पूर्ण मात्रा म्हणजे एवढा फरक,” असं स्वतःशीच म्हणून त्यांनी वहीत आकडा लिहिला. सर खूश झाले की नाकाचा शेंडा चोळायचे. त्या सकाळी नाक लाल झालं.

बाईंच्या चुलीशेजारी आम्ही काचा मांडल्या, खाली स्टोव्ह. एकेका तुकड्यातला ठरावीक पाला चंबूत गेला. किलोभर पाल्यात चमचाभर तेल, फिकट पिवळं. ते बारीक नळीत थेंबाथेंबाने वर चढताना बघायला अख्खी आळी जमली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “आमी जन्मभर तापाला ह्याचा काढा पितो, पन त्याच्या पोटात हे हाय ते कोनी दाखवलं नव्हतं.” सरांनी त्यांना पुढे बोलावून नळीवरचा आकडा वाचायला लावला. सरांचं हे मला फार आवडायचं. विज्ञान म्हणजे कुणाच्या बापाची मिरासदारी, असं ते कधी वागले नाहीत.

इकडे काचा उकळत असताना माझं काम म्हणजे प्रत्येक तुकड्यातला एक ठोंब खणून फुटवे मोजायचे. पहिले तीन ठोंब झाले. बुडाशी गेल्या साली कापलेल्या दांड्यांचे वाळके, तपकिरी खुंट. चौथ्या तुकड्यातला ठोंब खणला आणि हात काळे झाले. माती नव्हे, कोळसा. जुने खुंट जळून काळे ठिक्कर, आणि त्यांच्या मधून हिरवे जोमदार फुटवे, इतरांच्या दीडपट तरी. मी दुसरा ठोंब खणला, तिसरा खणला. सगळा तुकडा तसाच.

मान वर केली तर सुलोचनाबाई समोर उभ्या.

“बघितलंस ना,” त्या म्हणाल्या आणि बांधावर बसल्या.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. या भागात भाताचं रोप टाकायच्या आधी वैशाखात जमीन भाजतात. शेण, पालापाचोळा, वाळकं गवत पसरायचं, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवायचं. याला राब म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, हात ते काम झोपेतही करतील. बाईंच्या रोपाची जागा चौथ्या तुकड्याला लागून होती. आणि आमचा गवती चहा उन्हाळ्यात पाण्यावाचून असा वाळतो की मेला असंच वाटावं.

“राब लावला, आन तशीच पुढं सरकत गेले,” बाई सांगत होत्या. “आमच्यात वैशाखात वाळलेलं गवत हुबं ठेवतच नाय. चवथ्याला काडी लागली, सगला पेटला, तेव्हा खुंट दिसला लंबरचा. मंग डोक्यात आलं, हा सायबाचा. तिसऱ्याला लागू नाय दिली आग, टहाळ्यांनी झोडली. खुंटाला पुन्ना रंग लावला मी.”

“सरांना का नाही सांगितलं?”

“परयोग काडून नेतील म्हनून. पाऊस पडला आन हा सगल्यांच्या वर आला, मंग तर तोंडच उघडंना.” मग विचारलं, “तू सांगशील?”

आता बोला. प्रयोगात ठरवून न केलेली एक गोष्ट एकाच तुकड्याला झाली म्हणजे तो तुकडा बाद. वाढ युरियाने झाली की आगीने, की राखेने, काही सांगता येत नाही. आणि चौथा बाद म्हणजे प्रयोग अपुरा, भट्टी मुरबाडला, वरकस प्लॉटवाल्याला. हे मला लख्ख कळत होतं. मी हात पदराला पुसले आणि म्हणाले, “मी काही पाहिलं नाही. तुमचं तुम्ही ठरवा.” झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगितलं. बाईंवर उपकार केले असंच वाटत होतं मला. पण त्यात अर्धी भीती माझ्या नोकरीची होती, कारण वैशाखात पाहणीला यायची पाळी माझी होती आणि उन्हाचा कंटाळा करून मी आले नव्हते.

संध्याकाळी चार कुप्या तेल घेऊन आम्ही अंबरनाथला परतलो. आत्याने केसांचा वास घेऊन विचारलं, “कसलं तेल लावलंस गं?” एरवी मी अर्धा तास बोलले असते. त्या दिवशी लवकर झोपले.

तिसरा दिवस उल्हासनगर. कॅम्प पाचमध्ये एक सिंधी सेठ होते, अगरबत्ती आणि साबणाला सुगंध पुरवायचे. दुकान म्हणजे दहा पावलांची खोली, पण भिंतभर बाटल्या, आणि सेठचं नाक असं की सर पुण्याहून नमुने त्यांना दाखवायला आणत. आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र सांगायचं त्याच्या आधी सेठ सांगायचे. जाण्यापूर्वी कोपऱ्यावरच्या गाड्यावर दाल-पकवान खाल्लं. कुरकुरीत मैद्याची पुरी, वर घट्ट चण्याची डाळ, चिंचेची चटणी. पाच रुपयांच्या आत पोट भरलं. उल्हासनगरला जाऊन हे न खाता परत आलात तर तुमचं तुम्ही बघा.

दुकानात शिरल्यावर सेठनी आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे केलं. घरी आलेल्याला पापड-पाणी, ही त्यांच्यातली रीत. मग टीपकागदाच्या पट्ट्या चारही कुप्यांत बुडवून ओळीने टाचल्या. हुंगल्या, बाजूला ठेवल्या, दुसरं गिऱ्हाईक केलं, पुन्हा हुंगल्या. मध्ये अर्धा तास गेला. सर शाळेतल्या मुलासारखे हाताची घडी घालून बसले होते.

“साईं, तेल चारों का एकच आहे,” सेठ म्हणाले. “बढिया आहे. कुठे जळका वास नाही, गंज नाही. आता माल ज्यादा किसमें निकला, ते तुम्ही बोला.”

“चौथ्यात. दुपटीच्या जवळ,” सर म्हणाले.

“तो फिर चौथा लावा. जितना निकले मैं लेगा. पण रेग्युलर पाहिजे हां, एकदा दिला आणि मग गायब, असं नको.”

सरांनी नाक चोळलं. मला म्हणाले, “भट्टी बदलापूरला. आजच सांगून येऊ. आणि तालुक्यासाठी एक पत्रक काढू, वरकस जमिनीवर गवती चहा, युरियाची पूर्ण मात्रा. कांबळे, मजकूर तुम्ही करा.” माझ्या तोंडात पापड होता. तो मी इतका वेळ चावत राहिले की सेठनी दुसरा भाजायला सांगितला.

उल्हासनगरहून बदलापूर लांब नाही. दुपारी आम्ही पुन्हा तो चढ चढलो. बाईंचे यजमान घरी होते, रात्रपाळी करून आलेले. त्यांनी बाज टाकली, सर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तेल पास झालं, भट्टी इथे येणार, पत्रक निघणार, त्यात युरियाची पूर्ण मात्रा लिहिणार. यजमान म्हणाले, “मंग आता काय, राहिली जमीन.” आणि खरंच हसले.

सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या. हातात चहाचे कप तसेच.

“सायेब, पानावर ते ल्हिवू नका,” त्या म्हणाल्या.

सरांना कळेना. बाईंनी कप खाली ठेवले आणि सांगितलं. राब लावला ते, चौथा पेटला ते, खुंट रंगवला ते, सगळं. एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाल्या, “माजी भट्टी जाते तर जाऊ दे. पन ह्या माज्या शेजारनी. त्यांना तुमचं पान कोनी वाचून दाकवील. पोरांच्या तोंडचं काडून त्या खत आनतील, आन मंग उगवनार नाय येवडं. त्यांनी माज्या दारात येऊन काय म्हनायचं?”

माझ्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

यजमान उठून उभे राहिले. “गेली भट्टी. सगळं हातात आलेलं, आन स्वतःच्या तोंडानं घालवलंस.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि बाहेर गेले. चौथ्या तुकड्यात उकिडवे बसून त्यांनी हाताने ठोंब उकरले. एक, दोन, तीन. चेहरा असा की आता काही खरं नाही असं मला वाटलं. मग परत आले, हात काळे, आणि म्हणाले, “कांबळे, वही धरा.”

आणि बाईंना प्रश्न विचारायला लागले. कोणत्या दिवशी? अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या. सकाळी की दुपारी? वारा कुठला? जाळ किती उंच, किती वेळ? खुंट पार बुडाला जळाले की वरवर? पहिला फुटवा पावसाच्या आधी दिसला की नंतर? बाई उत्तरं देत गेल्या. सुरुवातीला घाबरत, मग सावरून. तिसऱ्या प्रश्नाला उंबऱ्यावर बसल्या. पावसाच्या आधीच, म्हणाल्या, आठ दिवसांत हिरवी टोकं आली होती, इतर तीन तेव्हा मेलेलेच होते. वाळवीची घरं चौथ्यात राहिली नव्हती, तेही त्यांनी पाहून ठेवलं होतं. मी चार पानं लिहिली. आमच्या केंद्रातल्या एकाही पदवीधराने, मी धरून, एवढं बारकाईने काही पाहिलेलं मला आठवत नाही.

“बाई,” सर म्हणाले, “भट्टी आता मुरबाडला जाईल. ते मी बदलू शकत नाही. हा प्रयोगही बाद. पण मला पुढच्या साली इथेच आठ तुकडे हवेत. चार जाळायचे, चार नाही, खत सगळ्यांना सारखं. तीन वर्षं करायचं. केंद्र जमिनीचं भाडं देईल, मी कागद पाठवतो.”

“तीन वर्षं जमीन अडकनार?” यजमानांनी विचारलं.

“अडकू दे,” बाई म्हणाल्या. आणि सरांना, “जालायचं कसं ते मला शिकवू नका, तेवढं येतंय.”

सर हसले, दौऱ्यात पहिल्यांदाच मोठ्याने. यजमानांनी टेकडीकडे पाहिलं. मग, “तीन वर्षं. पुढचं पुढं,” म्हणून आत झोपायला गेले. भट्टी गेली होती आणि जमीन तीन वर्षांपुरती राहिली होती. निघताना सुलोचनाबाईंनी गवती चहाचे चार फुटवे ओल्या फडक्यात बांधून मला दिले, दारात लाव म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

जाणाऱ्यांसाठी थोडं. अंबरनाथचं दगडी शिवमंदिर सकाळी लवकर बघा, गर्दी नसते. कुळगावच्या त्या टेकडीवर आता काय आहे मला माहीत नाही. मी त्यानंतर दोनदा गेले, दोन्ही वेळा आठ तुकडे मोजायला, मग माझी बदली झाली. दोन्ही साली जाळलेले तुकडे पुढे होते, चौथ्याइतके नाही, पण निश्चित. पत्रक त्यानंतर निघालं, युरियाच्या अर्ध्या मात्रेचं, आणि वैशाखात खुंट कसे जाळावेत याचं.

पण त्या दौऱ्याचा शेवट पुण्यात झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी अहवालाचं हस्तलिखित माझ्या टेबलावर ठेवलं. चौथ्या तुकड्यापुढे आकडा नव्हता, ‘राब लावताना जळाला, जमीनमालकांनी स्वतः कळवलं’ एवढंच. मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि तिथे येऊन अडले. मग उठून सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, की कापणीच्या दिवशीच मला कोळसा दिसला होता. आणि वैशाखातली पाहणी मी चुकवली होती.

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता नोकरी गेली. ते म्हणाले, “म्हणजे सेठकडे तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“तिची जमीन जाणार होती. तुमचं काय जाणार होतं?”

ती बाई सगळं जाणार हे माहीत असून बोलली, आणि मला शिकवलेलंच एवढं होतं की जे घडलं ते लिहायचं. मी रडायला लागले. सरांनी रडू दिलं. मग हस्तलिखित माझ्याकडे सरकवून म्हणाले, “तेही घाला त्यात. तारखेसकट.”

मी जागेवर आले आणि त्या ओळीखाली दुसरी ओळ टाइप केली: ‘सहायकाने वैशाखातील पाहणी केली नाही, आणि कापणीच्या दिवशी कोळसा पाहूनही कळवले नाही.’ खाली सहायकाचं नाव लिहायची जागा होती. तिथे माझं नाव टाइप केलं, मूळ प्रत, आणि खाली कार्बनच्या दोन.